दुसरं असतंय व्हय?

सदलग्याच्या धरणेंद्र मगदूमांच्या घरी दिवस मावळायच्या आत पानं वाढायची, हा जैनांच्या घरचा आजा-पणजापासूनचा नेम. पण त्या दिवशी उन्हं मागच्या परड्याच्या भिंतीवर चढली तरी कुणी पानावर बसेना. पुढच्या सोप्यात कोर्ट भरलं होतं!

धरणेंद्रांची लेक आरोही बेळगावला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. शहरातल्या एका मराठी वाचनालयानं अभिरूप न्यायालयाची स्पर्धा ठेवली होती. अभिरूप म्हणजे खटला कल्पित, पक्षकार कल्पित. पण कायदा खरा आणि युक्तिवादही खरा, तोही मराठीतून. आरोहीचा संघ अंतिम फेरीत पोचला होता आणि ती सुट्टीला घरी येऊन बापापुढं सराव करत होती.

"मामला काय हाय ते तर आधी सांग," धरणेंद्र खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले.

"आप्पा, एक लई मोठी कंपनी हाय. नाव विश्वदर्शी. इंटरनेटवर काहीबी हुडकायचं झालं की लोक तिच्याच शोधयंत्रावर हुडकत्यात. इंटरनेट उघडायचा ब्राउझरबी तिचाच. ही कंपनी फोन बनवणाऱ्यांना दरसाल पैसे देतीय. कशापायी? तर नव्या फोनात आमचंच घालून द्या, दुसऱ्या कुणाचं घालायचं न्हाय. आता शोधिका नावाच्या एका लहान कंपनीनं तक्रार केलीय, आम्हाला कुणाच्या नजरेसच पडू देत न्हाईत म्हणून."

"आणि तू कुणाकडनं?"

"ते तिथं चिठ्ठी काढून ठरणार. दोन्ही बाजू तयार ठेवायच्या. आज मोठ्या कंपनीकडनं बोलून बघते."

"थांब. ब्राउझर म्हंजे नेमकं काय गं?"

आरोहीनं बापाचाच फोन त्याच्या हातात दिला. "तुम्ही बाजारभाव, हवामान कुठनं बघता?"

धरणेंद्रांनी पडद्यावरच्या एका चिन्हावर बोट ठेवलं. "ह्यातनं. फोन घेतल्यापासनं हे हितंच हाय."

"दुसऱ्या कशातनं कधी बघितलंय?"

"दुसरं असतंय व्हय?"

आतून आरोहीच्या आईला, राजमतींना, हसू फुटलं. आरोही मात्र हसली नाही. तिनं फोनात आणखी एक ब्राउझर उतरवून घेतला, त्याला निराळं शोधयंत्र जोडलं आणि म्हणाली, "आता एकच प्रश्न दोन्हीकडं विचारा."

धरणेंद्र रोपवाटिका चालवायचे. त्यांनी विचारलं, ढगाळ हवेत टोमॅटोचं रोप का कोलमडतं. पहिल्या ठिकाणी सगळ्यात वर औषधं विकणाऱ्या दुकानांची रांग लागली. दुसऱ्या ठिकाणी एका शेतकी विद्यापीठाचं कानडी टिपण निघालं, पाणी कधी तोडावं आणि हवा कशी खेळती ठेवावी हे सांगणारं. धरणेंद्र एकदा ह्या पानाकडं बघत, एकदा त्या. नदीच्या ह्या काठानं जन्मभर चालणाऱ्याला एकदम पलीकडच्या काठावरनं आपलंच गाव दिसावं, तसं त्यांचं झालं.

"आयला!" ते हळूच म्हणाले. "हे इतकी वर्षं माझ्या खिशात व्हतं?"

"खिशात नव्हतं आप्पा. तेच तर भांडण हाय."

पण सराव सुरू झाला आणि धरणेंद्रांच्या अंगात धंदेवाला संचारला. मोठ्या कंपनीची बाजू मांडायला त्यांच्याइतका तयारीचा वकील बेळगावातही मिळाला नसता! "लिव," ते म्हणाले. "आमचा माल चोख हाय म्हणून लोक घेत्यात. दुसऱ्याकडं जायाला आम्ही कुणाचा हात धरलाय? ज्याला पायजे त्यानं हुडकावं. आणि पैशाचं म्हणशील, तर धंद्यात पहिलं दार आपलंच असावं लागतंय. पैसे मोजून दार घेतलं, चोरलं न्हाय."

"आप्पा, तुम्ही वकील का झाला न्हाईसा?" आरोही खरोखरच खूश झाली.

ताट वाढता वाढता राजमती सहज बोलून गेल्या, "भोज रस्त्याची अक्काताई म्हणं शेड मोडणार हाय. ह्या हंगामापासनं तिची रोपवाटिका बंद."

"तिची न्हाय चालली, त्याला कोण काय करणार?" धरणेंद्र म्हणाले आणि जेवायला बसले.

न चालायला एक कारण होतं, आणि ते त्या घरात फक्त धरणेंद्रांना ठाऊक होतं. त्या भागात शेतकरी रोपवाटिकेत जातो थोडाच! तो टेम्पोवाल्याला फोन करतो. महादेव आणि त्याच्यासारखे आणखी चार-पाच टेम्पोवाले मिरची, टोमॅटो, कोबीची रोपं शेताच्या बांधावर आणून देतात. धरणेंद्र ह्या सगळ्यांना भाड्याच्या वर कमिशन द्यायचे आणि त्याला एकच अट असायची, दुसऱ्या कुणाचा रोपांचा ट्रे गाडीत चढता कामा नये. यात लबाडी आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. भाव वाजवी होता. रोपं मरत नव्हती. नव्या रोपवाटिका निघत होत्या, वर्ष-दोन वर्षांत मिटत होत्या, आणि धरणेंद्र म्हणायचे, लोकांना चिकाटी राहिली नाही.

अंतिम फेरीला ते स्वतः लेकीला घेऊन बेळगावला गेले. वाचनालयाचं सभागृह गच्च भरलेलं. समोर उंचावर तीन न्यायाधीश, मधोमध मारुतीराव. आयुष्यभर न्यायदानाचं काम करून निवृत्त झालेला, पांढऱ्या भुवयांचा, शांत माणूस. काळा कोट घातलेली आरोही पुढच्या टेबलाशी उभी राहिली तेव्हा धरणेंद्रांचा ऊर भरून आला. परवापरवापर्यंत ट्रेमधली माती उकरून खाणारी हीच का ती पोर?

चिठ्ठी निघाली. मोठ्या कंपनीची बाजू आली खासबागच्या साईराजकडं. आरोहीला लहान कंपनी!

साईराज बोलायला उठला. पोरगा हुशार होता. "न्यायमूर्ती महोदय, आमचा शोध उत्तम आहे म्हणून लोक वापरतात. आम्ही कुणाचा हात धरलेला नाही. हवा असेल त्याने दुसरा ब्राउझर घ्यावा, दोन मिनिटांचं काम आहे." धरणेंद्र मागच्या रांगेत मान डोलवत होते. अगदी त्यांच्याच मनातलं बोलत होता तो! शेजारच्या अनोळखी गृहस्थाला ते म्हणालेसुद्धा, "खरं हाय की हो."

मग आरोही उठली.

"विश्वदर्शीचा शोध उत्तम आहे, हे मी मान्य करते," ती म्हणाली.

सभागृहात चुळबूळ झाली. आपल्याच विरुद्ध बोलते की काय ही?

"माझा एकच प्रश्न आहे. माल इतका उत्तम आहे, लोक आपणहून येतात, तर मग दुसऱ्याला फोनात जागा देऊ नका म्हणून पैसे कशासाठी? जो शर्यत जिंकणारच आहे, तो दुसऱ्याला मैदानाबाहेर ठेवण्यासाठी फाटकावरच्या माणसाला पैसे का देतो?"

धरणेंद्रांची डोलणारी मान थांबली.

मारुतीराव पुढं वाकले. "पण विद्वान वकिलांनी सांगितलं, ज्याला हवं तो दुसरा ब्राउझर घेऊ शकतो. मग सक्ती कुठं आहे?"

"महोदय, माझ्या वडिलांना मी विचारलं, दुसऱ्या ब्राउझरमधून कधी पाहिलंय का. ते म्हणाले, दुसरं असतंय व्हय?" सभागृह हसलं. आरोही हसू विरेपर्यंत थांबली. "माझे वडील अडाणी नाहीत. आमच्या भागात रोपांच्या धंद्यात त्यांचा शब्द मानतात. तरी त्यांना हे ठाऊक नव्हतं. जे अस्तित्वात आहे हेच माणसाला कळू दिलं नाही, ते त्यानं नाकारलं असं आपण म्हणू शकतो का?"

मारुतीरावांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

"आणि शोधयंत्राचं असं असतं," ती पुढं म्हणाली, "लोक जितकं जास्त विचारतात तितकं ते शिकतं. ज्याच्याकडं सगळेच जातात, तो दिवसेंदिवस शहाणा होतो; ज्याच्याकडं कुणी जात नाही, त्याला शिकायलाच मिळत नाही. मग आपण म्हणतो, बघा, दुसरा कच्चाच आहे. पण त्याला कच्चं ठेवलं कुणी? आणि एक दिवस मोठाही सुधारायचा थांबतो. का सुधारावं? गिऱ्हाईक तर येणारच आहे!"

धरणेंद्रांना आपलीच रोपं आठवली. पूर्वी ते रोप गाडीत चढवण्याआधी आठवडाभर उघड्यावर ठेवत, उन्हावाऱ्याला सरावून घेत. गेली काही वर्षं त्यांनी ते सोडलं होतं. सावलीतलं कोवळं रोप थेट टेम्पोत. शेतात चार रोपं मान टाकायची, पण तक्रार करून शेतकरी जाणार कुठं? हे सगळं ह्या पोरीला कुणी सांगितलं? कुणीच नाही. ती बोलत होती फोनांबद्दल, जगातल्या कुठल्याशा कंपनीबद्दल, आणि धरणेंद्रांना मात्र आपलं शेडनेट, आपले ट्रे आणि महादेवचा टेम्पो लख्ख दिसत होता. एखादी गोष्ट इतक्या दूरवरून निघून इतकी नेमकी आपल्या दारात येऊन उभी राहते, ह्याचंच त्यांना नवल वाटत राहिलं.

शेवटी मारुतीराव बोलले. "कायदा मोठेपणाचा वैरी नाही. कष्टानं मोठं व्हा, कायदा तुम्हाला हात जोडेल. पण मोठं झाल्यावर मागून येणाऱ्याची वाट बुजवलीत, की तो तुम्हाला जाब विचारेल. आज जगातल्या बलाढ्य कंपन्यांना देशोदेशीची न्यायालयं हाच जाब विचारत आहेत. युरोपात नवा फोन सुरू केला की पडद्यावर यादी येते, यातला कोणता ब्राउझर हवा? आपल्याकडंही स्पर्धा आयोग आहे, त्यानंही अशा बाबतीत आदेश दिलेले आहेत. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर सामान्य माणसाला दोन शब्द विचारले जावेत म्हणून. कोणता हवा? राजेलोकांच्या तिजोरीला लाजवील एवढा पैसा ज्यांच्याजवळ आहे, त्यांनाही ह्या दोन शब्दांची भीती वाटते! ओळखा, त्या शब्दांचं मोल काय असेल."

धरणेंद्र थक्क होऊन ऐकत होते. कोणता हवा? भाजीवाली विचारते, चहावाला विचारतो. ते दोन शब्द विचारायला लावण्यासाठी समुद्रापलीकडं न्यायाधीश वर्षानुवर्षं खटले चालवतात! आणि आपण? आपण ते दोन शब्द सदलग्यात कुणाच्या तोंडी येऊ नयेत म्हणून पैसे भरतो!

निकाल लागला. आरोहीचा संघ दुसरा आला. लेखी निवेदनात काहीतरी उणं राहिलं होतं. ती थोडी खट्टू झाली. धरणेंद्रांना निकाल ऐकूही आला नव्हता.

परतताना संकेश्वर मागं पडलं. मग धरणेंद्रांनी विचारलं, "त्या लहान कंपनीचं, शोधिकेचं काय झालं असतं गं? तक्रार केली नसती तर?"

"बंद पडली असती. ती व्हती हेबी कुणाला कळलं नसतं."

मग ते समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "आरोही, मी महादेवला पैसे देतो. दुसऱ्याचा ट्रे भरायचा न्हाय म्हणून."

आरोहीनं वळून बापाकडं पाहिलं. रागवावं की रडावं हे तिला कळेना. "मला ठाऊक नव्हतं," ती एवढंच म्हणाली. आणि मग, "आप्पा, माल चोख हाय तर पैसे कशापायी, तोच प्रश्न तुम्हाला विचारू?"

"नको. ऐकलाय मी तो. सकाळधरनं कानात वाजतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक भोज रस्त्याला अक्काताईंच्या रानात गेले. शेडचं एका बाजूचं जाळं काढून गुंडाळून ठेवलं होतं. पदर खोचलेल्या अक्काताई बाहेर आल्या आणि धरणेंद्रांना बघून त्यांचा चेहरा कडक झाला.

"या अण्णा. शेड इकत घ्यायला आलाय न्हवं? वाटलंच व्हतं मला."

"न्हाय आक्का. रोपं बघायला आलोय."

"आता? सगळं मोडायला काढल्यावर?" पण त्या बाजूला झाल्या.

आत संकेश्वरी मिरचीचे ट्रे मांडलेले होते. अक्काताईंनी ते वाण माहेरहून आणलं होतं आणि दरसाल आपल्याच झाडांचं बी राखून ते जपलं होतं. धरणेंद्रांनी एक रोप अलगद उपसून तळहातावर घेतलं. बुटकं, जाड देठाचं, काळपट हिरवं. मुळं पांढरीशुभ्र, माती घट्ट धरून बसलेली, जणू तान्ह्या लेकरानं आईचं बोट पकडलंय. जन्म रोपांत गेलेला तो माणूस. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. असं रोप आपल्या शेडमध्ये शेवटचं कधी पाहिलं होतं हे त्यांना आठवेना. त्यांनी ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं, बसदीत तीर्थंकरांपुढं अक्षता धराव्यात तसं.

"आक्का, हे रोप आणि चालत न्हाय?"

"न चालायला कुणी बघितलंय तरी का ते?" अक्काताई म्हणाल्या. "टेम्पोवाला उभा ऱ्हात न्हाय. मी भाडं वाढवून देते म्हटलं तरी नको म्हणतोय. का म्हणून विचारलं तर खाली बघतोय."

"त्यानं खाली बघायचं कारण मी हाय," धरणेंद्र म्हणाले. "तुमच्याकडं येणारी वाट मी पैसे देऊन अडवलीया. एकट्या तुमची न्हाय, सगळ्यांची. कुणाचा हात धरला न्हाय मी, असं म्हणत व्हतो. तुमचं पाय मात्र बांधून ठेवलं व्हतं."

अक्काताईंनी त्यांच्या ओंजळीतलं रोप घेऊन परत ट्रेत लावलं. आरोहीला वाटलं, आता ह्या शिव्या देतील, आणि दिल्या तर हक्कच आहे त्यांचा. पण त्या म्हणाल्या, "मग काय, आता माझी रोपं तुम्ही घेणार? दया करायला आलाय?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मला दया नको अण्णा! वाट सोडा, बास. शेतकरी येऊन माझं रोप हातात घिऊन नको म्हणाला, तर मी माझ्या हातानं शेड मोडीन आणि कुणाच्या नावानं खडं फोडणार न्हाय. पण त्यानं बघून नको म्हणावं!"

आरोही त्यांच्याकडं बघत राहिली. इतके महिने तिनं कायद्याची पुस्तकं पालथी घातली होती, देशोदेशीचे निवाडे वाचले होते. त्या सगळ्याचं सार ह्या बाईनं मातीचे हात पदराला पुसता पुसता सांगून टाकलं होतं!

दुपारी धरणेंद्रांनी महादेवला बोलावून घेतलं. "उद्यापासनं कमिशन बंद. भाडं तेवढंच ऱ्हाईल, आणि ट्रे कुणाचाबी भरायचा. बाकीच्यांनाबी सांग."

महादेव गडबडला. "अण्णा, माझं काय चुकलं का?"

"तुझं न्हाय रं, माझं चुकलं. आता फोन आला की शेतकऱ्याला एक विचारत जा. कुणाची रोपं हवीत? त्याला ठाऊक नसलं तर सगळ्यांची नावं सांग, एखाद-दुसरं रोप बघायला ने. त्यानं ठरवावं."

"आणि तो तुमची नको म्हणाला तर?"

हा प्रश्न धरणेंद्रांनी स्वतःला अजून विचारला नव्हता. "तर नको म्हणाला," ते म्हणाले.

आणि लोक नको म्हणाले! मिरचीचं गिऱ्हाईक बघता बघता अक्काताईंकडं वळलं. निपाणीकडच्या एका तरुणानं कोबीची रोपवाटिका काढली, तीही चालली. त्या हंगामात धरणेंद्रांच्या शेडमध्ये ट्रे उरले. राजमती काळजीत पडल्या. भाऊबंद म्हणाले, पोरीच्या नादानं म्हातारा येडा झाला. धरणेंद्रांना झोंबलं, नाही असं नाही. पण त्यांच्यात एक बदल झाला, तो सगळ्यांत आधी राजमतींना दिसला. ते पुन्हा पहाटे स्वतः शेडमध्ये जाऊ लागले. रोपं उन्हाला काढू लागले. ढगाळ हवेचं ते कानडी टिपण वाचून त्यांनी जाळ्याची उंची बदलली. कधी अडलं तर अक्काताईंना विचारू लागले, आणि अक्काताईही टोमॅटोचं काही अडलं तर विचारू लागल्या. पुढच्या वर्षी टोमॅटोचं गिऱ्हाईक परत आलं. एक म्हातारा शेतकरी त्यांचं रोप उलटंपालटं करून म्हणाला, "चार ठिकाणी बघून आलो. तुमचंच घेतो." इतक्या वर्षांच्या धंद्यात असा मान त्यांना कधी मिळाला नव्हता. कारण तोवर चार ठिकाणी बघून कुणी आलंच नव्हतं!

वाचकहो, मोठं होणं हा दोष नाही. चांगल्या मालाला गिऱ्हाईक लाभावं, चांगल्या शोधयंत्राला जग लाभावं. पण दुसऱ्याचं दार लोकांना दिसूच नये अशी तजवीज जो करतो, तो प्रतिस्पर्ध्याचं नुकसान करतोच, शिवाय तुमच्या-आमच्या हातची निवड काढून घेतो, आणि सरतेशेवटी स्वतःचंही कसब गमावून बसतो. आयोग आणि न्यायालयं त्यांचं काम करतील. आपलंही एक काम आहे. हातातल्या फोनाकडं बघून, बाजारातल्या नेहमीच्या दुकानाकडं बघून, एकदा तरी स्वतःला विचारावं, हे मी निवडलं, की माझ्यासाठी कुणी आधीच निवडून ठेवलं? विचार करून उत्तर 'हेच हवं' असं आलं, तरी बिघडलं नाही. कारण तेव्हा ते उत्तर आपलं असेल.